रविवारच्या सायकलस्वाराला ८५ हजारांची सायकल हवी का?

कोथरूडमधील एका गृहस्थांनी मला पुढील प्रश्न विचारला आहे. त्यांचे वय ४४, उंची पाच फूट सात इंच, वजन ७८ किलो आणि नोकरी दिवसभर खुर्चीत बसून करण्याची आहे. शाळा-कॉलेजात त्यांनी सायकल चालवली, त्यानंतर कधी नाही. आता आठवड्यातून दोन-तीन सकाळी १५ ते २० किलोमीटर आणि जमेल त्या रविवारी खडकवासल्यापर्यंत जाऊन यावे, असा त्यांचा मानस आहे. एका दुकानात त्यांना कार्बनचा चिमटा (म्हणजे पुढचे चाक धरून ठेवणारा भाग) आणि खाली वळलेले हँडल असलेली ८५ हजारांची सायकल दाखवण्यात आली आणि यापेक्षा कमी किमतीची घेतलीत तर सहा महिन्यांत पुन्हा आमच्याकडेच याल, असे वर सांगण्यात आले. कार्यालयातील मित्राचे म्हणणे नेमके उलटे आहे. १२ हजारांत २१ गिअर, पुढे-मागे डिस्क ब्रेक आणि शॉकअप असलेली सायकल मिळत असताना उरलेले पैसे नुसत्या नावाचे आहेत, असे तो म्हणतो. या दोघांपैकी खरे कोणाचे, हा प्रश्न आहे.

मी गेली ३१ वर्षे पुण्यात सायकली दुरुस्त करतो. त्याआधी वडिलांच्या भाड्याच्या सायकलींच्या दुकानात पंक्चर काढण्यात आणि चाकांचे आउट काढण्यात, म्हणजे वाकडी फिरणारी चाके सरळ करण्यात, माझ्या सुट्ट्या गेल्या. तेव्हा उत्तर आधीच सांगून टाकतो. माझ्या मते दोघेही चुकत आहेत, पण मित्र जास्त चुकत आहे. आपल्या वापराला योग्य अशी सायकल आजच्या बाजारात साधारण ३० ते ४५ हजारांच्या दरम्यान मिळते. सायकलीची किंमत वाढते तेव्हा सुरुवातीचा पैसा बेअरिंग, चाके, ब्रेक आणि गिअर यांच्या प्रतीत मुरतो. ही प्रत आठवड्यातून दोनदा चालवणाऱ्यालाही पहिल्या दिवसापासून जाणवते. एका मर्यादेनंतरचा पैसा मात्र वजन कमी करण्यात आणि वारा कापण्यात जातो, आणि तो फरक जाणवण्यासाठी सायकलस्वाराचा वेग आणि अंतर दोन्ही बरेच जास्त असावे लागतात. ही मर्यादा कुठे येते ते एकदा कळले की दुकानदाराशी बोलणे सोपे जाते.

आधी मित्राच्या १२ हजारांच्या सायकलीकडे पाहू, कारण माझ्या दुकानात सर्वाधिक दुःखी गिऱ्हाईक याच सायकलीचे येते. या किमतीत कारखानदाराला गिअर, डिस्क, शॉकअप आणि जाड टायर हे सर्व दिसायला हवे असते, आणि ते दिसावे म्हणून जे दिसत नाही त्यात काटकसर केली जाते. शॉकअप म्हणून जे लावलेले असते त्यात बहुधा दोन स्प्रिंगा आणि प्लास्टिकच्या चकत्या असतात. दाबली गेलेली स्प्रिंग परत येताना तिला आवर घालणारी कोणतीही यंत्रणा आत नसते. असा चिमटा अडीच किलोंच्या आसपास भरतो, खड्ड्यात नीट दबत नाही आणि चढावर उभे राहून पेडल मारताना नको तेव्हा दबतो. वर्षभरात त्याच्या नळ्यांवर गंज चढला की तो बहुतेक वेळा एकाच जागी बसून राहतो. गिऱ्हाईकाला मात्र तो अजून काम करतो आहे असेच वाटत असते.

आता २१ गिअर या आकड्याबद्दल. पुढे तीन चकत्या आणि मागे सात, म्हणून गुणाकार २१ येतो. पुढे ४२, ३४ आणि २४ दाते, तर मागे १४ ते २८ दाते अशी नेहमीची रचना घेतली, तर पुढची ४२ व मागची २८ यांचे गुणोत्तर दीड येते आणि पुढची २४ व मागची १६ यांचेही दीडच येते. अशा जोड्या इतक्या निघतात की खरोखर वेगळे म्हणता येतील असे गिअर जेमतेम बारा-तेरा उरतात. त्यांतलेही काही चेन तिरकी चालत असल्यामुळे वापरू नयेत असे असतात. पुढे दोन चकत्या आणि मागे आठ असलेली चांगली सायकल आकड्याने १६ गिअरची असली, तरी तिचा सर्वांत हलका आणि सर्वांत जड गिअर यांमधील पल्ला या २१ गिअरच्या सायकलीपेक्षा मोठा असू शकतो. चांदणी चौकाचा चढ चढताना हलका गिअर किती हलका आहे एवढेच पायांना समजते, एकूण गिअर किती आहेत हे समजत नाही.

यापेक्षा महत्त्वाचा फरक मागच्या चाकाच्या मध्यात असतो आणि तो दुकानात कोणी दाखवत नाही. स्वस्त सायकलीत मागच्या सात चकत्यांचा गठ्ठा, म्हणजे फ्रीव्हील, हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यांनी फिरवून बसवलेला असतो. त्यामुळे उजव्या बाजूचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या अंगाला, हबच्या गाभ्यात राहतात आणि तिथून फ्रेमपर्यंत सव्वा ते दीड इंच अॅक्सल कोणत्याही आधाराविना पुढे येतो. माणसाचे वजन, खड्ड्याचा दणका आणि चेनची ओढ हे सगळे त्या निराधार तुकड्यावर येते. ७५-८० किलोंच्या माणसाने वर्षभर आपल्या रस्त्यांवर अशी सायकल चालवली की अॅक्सल वाकतो, चाक डगमगू लागते, आउट काढून निघत नाही, आणि एक दिवस अॅक्सलचे दोन तुकडे हातात येतात. चांगल्या सायकलीत चकत्यांचा गठ्ठा वेगळा असतो आणि फ्री होणारी यंत्रणा हबचाच भाग असते. तिचे छर्रे जवळजवळ फ्रेमपर्यंत बाहेर येतात आणि अॅक्सलला दोन्ही टोकांशी आधार मिळतो. एका रचनेला फ्रीव्हील आणि दुसरीला कॅसेट म्हणतात. तेव्हा दुकानात मागचा हब फ्रीव्हीलचा आहे की कॅसेटचा, एवढा एकच प्रश्न विचारावा. उत्तर देता येत नसेल तर दुसऱ्या दुकानात जावे.

पैसे खरोखरच १० हजारांपुढे नेता येत नसतील, तर गिअरवाल्या नकली सायकलीपेक्षा साधी, गिअर नसलेली, काळी सायकल मी आजही सुचवीन. लुधियानाला बनणारी ही सायकल जड असते, कॅरिअर, स्टँड आणि चेनकव्हर धरून वीस किलोंच्या घरात जाते, पण तिच्यात जे आहे ते प्रामाणिक आहे. तिचे छर्रे, कोन, कप आणि स्पोक गावोगावच्या दुकानांत मिळतात आणि कोणताही मिस्त्री ती पान्हा, स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी एवढ्यावर उघडून ओव्हरहॉल करू शकतो. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत असत तेव्हा कारखान्यांच्या पाळ्यांना जाणारी माणसे याच सायकलीवर रोज पंधरा-वीस किलोमीटर जात, आणि आपण व्यायाम करतो आहोत अशी त्यांची समजूत नव्हती. मात्र आपल्यासाठी मी ती सुचवत नाही. कोथरूडहून कुठेही निघाले तरी चढ-उतार चुकत नाहीत आणि ४४ व्या वर्षी गुडघ्यांनी पुन्हा सुरुवात करताना हलका गिअर हाताशी असावा.

ब्रेकच्या बाबतीत किंमत आणि गुण यांचा संबंध अधिक थेट आहे. साध्या काळ्या सायकलीच्या लोखंडी, चकचकीत रिमवर पावसात रबर जवळजवळ धरतच नाही. उतारावर ब्रेक दाबल्यावर सायकल काही अंतर आपल्या मर्जीने पुढे जाते, हा अनुभव जुन्या माणसांना सांगायला नको. अॅल्युमिनियमच्या रिमवरील व्ही ब्रेक, म्हणजे दोन उभ्या दांड्यांनी दोन्ही बाजूंनी रिमवर रबर दाबणारे ब्रेक, त्याहून पुष्कळ चांगले असतात आणि कोरड्या रस्त्यावर त्यांच्याबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. पावसाळ्यात मात्र रस्त्यावरची बारीक वाळू रबरात रुतते आणि ब्रेक प्रत्येक वेळी दाबताना रिम घासली जाते, म्हणून चार-पाच पावसाळे काढलेली रिम बोटाने चाचपून पाहावी. ती आतल्या बाजूला खोलगट लागली तर बदलावी. १२ हजारांच्या सायकलीतील डिस्क ब्रेक वायरने ओढले जातात. त्यांचे एकच पॅड हलते आणि पातळ चकती दुसऱ्या पॅडकडे वाकवते. वायर ताणली की ब्रेक सैल पडतात आणि चकती थोडी वाकडी झाली की चाक फिरताना सतत घासते. महिन्या-दोन महिन्यांनी जुळवणी न करणाऱ्याला यापेक्षा चांगला व्ही ब्रेक बरा.

तेलावर चालणारे, म्हणजे हायड्रॉलिक, डिस्क ब्रेक ही या चर्चेतील अशी एकमेव वस्तू आहे जिच्यासाठी मी हौशी माणसालाही जास्त पैसे घालायला सांगतो. एका बोटाच्या दाबावर ते धरतात, पावसाने त्यांच्यात फारसा फरक पडत नाही आणि पॅड झिजले तरी मधले अंतर ते आपोआप जुळवून घेतात. शिमानो या जपानी कंपनीचे खालच्या श्रेणीतील हायड्रॉलिक ब्रेक आता ३० ते ४० हजारांच्या अनेक सायकलींवर येतात आणि त्यांची धरण्याची ताकद आपल्या कामाला पुरून उरते. एक सावधगिरी मात्र बाळगावी. काही कंपन्यांच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते आणि काहींमध्ये मोटारीसारखे ब्रेक फ्लुइड असते. एकाच्या जागी दुसरे भरले तर आतले रबरी सील फुगून ब्रेक निकामी होतात. माझ्याकडे असे दोन-तीन ब्रेक दरवर्षी येतात आणि ‘तेल ते तेलच’ म्हणून भरणारा मिस्त्री प्रत्येक वेळी निराळा असतो.

आता दुकानदाराच्या युक्तिवादाकडे वळतो. त्याचा सगळा भर वजनावर असणार, म्हणून वजनाचा हिशेब एकदा करून पाहणे बरे. माणूस, सायकल आणि पाण्याची बाटली मिळून ९० किलो धरू. सपाट रस्त्यावर, चांगल्या टायरवर, ताशी २० किलोमीटर वेगाने सरळ बसून जाताना साधारण ८५ ते ९० वॅट शक्ती लागते. तिच्यातील सुमारे दोन तृतीयांश हवा मागे सारण्यात जाते आणि उरलेली मुख्यतः टायर रस्त्यावर दबण्यात जाते. सायकल पाच किलोंनी हलकी झाली तर या हिशेबात जेमतेम दीड ते दोन वॅट वाचतात. ते पायांना कळत नाहीत. याउलट, जाड खाचांचे, कडक रबराचे, अर्धवट हवेचे टायर काढून त्यांच्या जागी गुळगुळीत आणि लवचीक टायर योग्य हवेसह घातले तर त्याच वेगाला २५ ते ३० वॅट वाचू शकतात. अशा दोन टायरना दोन ते तीन हजार रुपये पडतात, आणि पाच किलो वजन उतरवण्यासाठी चाळीस-पन्नास हजार मोजावे लागतात. माझ्याकडे जुनी सायकल जड जाते म्हणून नवी घ्यायला आलेल्या कितीतरी लोकांना मी टायर बदलून घरी पाठवले आहे. धंद्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचे नव्हते, हे मान्य करतो.

चढावर हिशेब बदलतो, आणि ते दुकानदाराच्या बाजूने सांगायला हवे. चढ पाच टक्क्यांचा, म्हणजे दर शंभर मीटरला पाच मीटर चढणारा असेल, तर बहुतेक शक्ती वजन वर उचलण्यात जाते. ९० किलोंतील पाच किलो कमी झाले तर तेवढ्याच ताकदीत वेळ साडेपाच टक्क्यांच्या आसपास कमी होतो. अठरा मिनिटांचा चढ सतरा मिनिटांत होईल. सिंहगडावर किंवा बोपदेव घाटात दर रविवारी स्वतःचीच वेळ मोजणाऱ्याला ते एक मिनिट फार मोलाचे वाटते आणि त्यात चुकीचे काही नाही. आपल्याला त्या मिनिटाचे काय करायचे आहे, हे आपण ठरवावे. शिवाय सायकल जितकी महाग, तितके कुलूप जाड घ्यावे लागते. चांगल्या कुलपाचे वजन एक ते दीड किलो असते आणि पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्यांचे आणखी दीड किलो होते. आंतरराष्ट्रीय शर्यतींच्या नियमानुसार शर्यतीची सायकल ६.८ किलोंपेक्षा हलकी असता कामा नये. त्या वजनाच्या जवळ जाण्यासाठी लाखो रुपये मोजायचे आणि मग त्यावर साखळदंड टांगून भाजी आणायला जायचे, हे मला कधी पटलेले नाही.

८५ हजारांच्या त्या सायकलीत वाईट काहीच नाही. तिची फ्रेम चांगली असेल, कार्बनचा चिमटा रस्त्याची बारीक थरथर थोडी कमी करतो, गिअर अधिक चटकन पडतात. पण तिच्या २८ मिलिमीटरच्या टायरला ७०-८० पाउंड हवा लागते, आणि ती दोन-तीन आठवडे तपासली नाही तर पहिल्याच खड्ड्यात रिम आणि खड्ड्याची कड यांमध्ये ट्यूब चिमटली जाऊन तिला साप चावल्यासारखी दोन भोके पडतात. खाली वळलेल्या हँडलचा फायदा वाकून बसल्यावर मिळतो. ताशी २० किलोमीटरलाही त्यामुळे दहा-पंधरा वॅट वाचतात, हे खरे. मात्र जो मनुष्य वीस वर्षांनी सायकलीवर बसतो आहे, तो पहिले वर्षभर हँडलच्या वरच्या आडव्या भागावर हात ठेवून बसतो, आणि तिथून ब्रेकपर्यंत बोटे पोहोचत नाहीत. शहराच्या रहदारीत ही गोष्ट किरकोळ नाही. सुटे भागही श्रेणीप्रमाणे महागतात. मागे आठ चकत्या असलेल्या सायकलीची चेन हजार रुपयांच्या आत मिळते, तर बारा चकत्यांची चेन आणि कॅसेट एकदम बदलायची वेळ आली की खर्च कित्येक हजारांत जातो. झीज तर दोन्हींची होतेच.

याच ओघात चेनबद्दल एक सांगून ठेवतो, कारण खर्च वाचवण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. चेनच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच असते, म्हणून नव्या चेनच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. साध्या पट्टीने मोजून त्याच चोवीस कड्या बारा इंचांपेक्षा एक सोळांश इंच जास्त भरू लागल्या की चेन बदलावी. तसे न केल्यास वाढलेली चेन कॅसेटचे आणि पुढच्या चकत्यांचे दाते खाते, आणि मग सातशे-आठशे रुपयांच्या जागी चार-पाच हजार जातात. तेल थेंबाथेंबाने प्रत्येक कडीत सोडून दहा मिनिटांनी वरचे कापडाने पुसून घ्यावे. चेन बाहेरून ओली दिसली की धूळ धरते आणि ती धूळ पॉलिश पेपरसारखे काम करते.

महाग सायकलीचा खरा तोटा मला माझ्याच घरात कळला. २०१३ साली मी हौसेने सव्वा लाखाची सायकल स्वतःसाठी घेतली. ती चालवायला अप्रतिम होती. पण दुकानाबाहेर उभी केली की लक्ष तिच्यावर, बँकेत गेलो तर रांगेत मान मागे वळवून तिच्यावर, पावसात काढायची नाही, मुलांना हात लावू द्यायचा नाही, असे करता करता ती दिवाणखान्यातील एक वस्तू झाली आणि बाजारहाटाला मी पूर्वीचीच पोलादी फ्रेमची सायकल नेत राहिलो. तीन वर्षांनी विकली तेव्हा तिच्यावर २,१०० किलोमीटर झाले होते. जुन्या सायकलीवर तेवढ्याच काळात त्याच्या चौपटीहून अधिक अंतर पडले असावे. तेव्हापासून गिऱ्हाईकाला मी विचारतो की ही सायकल कुलूप लावून मंडईबाहेर अर्धा तास उभी करून आपण निर्धास्तपणे आत जाल का. उत्तर नकारार्थी असेल तर ती किंमत त्यांच्यासाठी जास्त आहे, मग खिशात पैसे कितीही असोत.

किमतीपेक्षाही ज्या गोष्टीवर माणूस सायकल चालवत राहील की बाल्कनीत टाकेल हे ठरते, ती म्हणजे मापाची फ्रेम आणि सीटची उंची. या बाबतीत आपल्याकडील दुकाने फार बेफिकीर आहेत. दुकानात मध्यम मापाची सायकल शिल्लक असेल तर पाच फूट दोन इंचांच्या बाईंनाही तीच बसते आणि पाच फूट दहा इंचांच्या मुलालाही तीच बसते, असे सांगितले जाते. फ्रेम मोठी असेल तर हँडलपर्यंत हात ताणावे लागतात, खांदे आणि मान दुखते, तळहात बधिर होतात. आपल्या उंचीला बहुतेक कंपन्यांची मध्यम फ्रेम लागेल, पण काहींची लहानही चालेल, म्हणून दोन्हींवर बसून पाहावे. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून जमिनीवर सपाट उभे राहिल्यावर दांडा आणि जांघ यांमध्ये निदान दोन-तीन बोटे अंतर राहायला हवे.

सीट खूप खाली ठेवणे ही आपल्याकडची जवळजवळ सार्वत्रिक चूक आहे. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, असे आपल्याला लहानपणी शिकवलेले असते. तसे बसल्यास पेडल खाली गेले तरी गुडघा बराच वाकलेला राहतो, प्रत्येक फेऱ्याला वाटीवर दाब येतो, आणि महिन्याभरात ‘सायकलीने गुडघे गेले’ अशी तक्रार सुरू होते. भिंतीला धरून सीटवर बसावे, पेडल सर्वांत खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. या स्थितीत पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे. प्रत्यक्ष चालवताना पेडलवर टाचेऐवजी चवडा येतो, त्यामुळे गुडघा योग्य तेवढा वाकलेला राहतो. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा असतो. याची सवय व्हायला आठवडा लागतो आणि त्याला एक पैसाही पडत नाही. जाड, मऊ, गुबगुबीत सीटचाही मोह टाळावा. पहिली पाच किलोमीटर ती सुखाची वाटते, पुढे तीच मऊ गादी मांड्यांमध्ये घुसून घासते. थोडी कडक, बसण्याच्या हाडांना आधार देणारी सीट पहिले दहा-बारा दिवस दुखते आणि नंतर तिचे भान राहत नाही.

महाग सायकल कोणासाठी योग्य, हेही सांगायला हवे. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालवणारे, घाटांत नियमित जाणारे आणि शर्यतीत उतरणारे यांना लाखाच्या वर खर्च केल्याचा फायदा मिळतो. इथे एक गंमत लक्षात घ्यावी. ब्रेव्हे नावाने ओळखल्या जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास दिलेले असतात. खाणेपिणे आणि विश्रांती धरून ही सरासरी ताशी १५ किलोमीटरही होत नाही. सरळ हँडलच्या साध्या हायब्रिडवर, म्हणजे शर्यतीची आणि डोंगरी यांच्या मधल्या प्रकारच्या सायकलीवर, ती पार पाडणारी माणसे माझ्याकडे सर्व्हिसिंगला येतात. म्हणजे अंतर मोठे आहे एवढ्यानेच महाग सायकल लागते असे नाही. आणि कोणाला उत्तम वस्तू जवळ असण्याचाच आनंद असेल, तर त्याला हिशेब विचारू नये. रॅले, हंबर या विलायती सायकली वर्षानुवर्षे पुसून ठेवणारी माणसे माझ्या वडिलांच्या पिढीतही होती, आणि ती सायकल वेगाने जाते म्हणून पुसत नव्हती.

जुनी सायकल घेण्याचा पर्याय आपण विचारात घेतलेला दिसत नाही. २०२० मध्ये टाळेबंदी शिथिल झाल्यावर सायकलींवर उड्या पडल्या, कित्येकांना महिनोन्महिने थांबावे लागले, आणि त्यांतील पुष्कळ सायकली वर्षभरातच इमारतींच्या जिन्याखाली गेल्या. शहरात अशा कमी चाललेल्या सायकली निम्म्या किमतीत मिळतात. घेताना पुढच्या आडव्या-उभ्या नळ्यांच्या जोडाजवळ रंगाला केसासारखी भेग आहे का ते उजेडात पाहावे, क्रँक, म्हणजे पेडलची दांडी, धरून आडवी हलवून पाहावी, टायरच्या बाजूला बारीक तडे असतील तर टायरचे पैसे किमतीतून वजा करावेत, आणि मूळ बिल मागावे. फ्रेमचा क्रमांक बहुधा पेडलच्या मधल्या नळीखाली ठोकलेला असतो, तो बिलाशी जुळतो का ते पाहावे. बिल नाही म्हणणारा विकणारा प्रामाणिक असूही शकतो, पण सायकल त्याचीच असेल याची खात्री आपल्याला कोण देणार? कार्बनची जुनी सायकल मात्र अनोळखी माणसाकडून घेऊ नये. पडलेल्या कार्बनला आतून गेलेला तडा बाहेरून दिसेलच असे नाही.

आपण ८५ हजार बाजूला काढले असतील तर मी ते असे वापरीन. सरळ हँडलची, शॉकअप नसलेली, अॅल्युमिनियमच्या फ्रेमची हायब्रिड सायकल ३५ ते ४० हजारांत घ्यावी. तिला ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर, हायड्रॉलिक ब्रेक आणि कॅसेटचा हब असावा. पुढची लहान चकती आणि मागची मोठी चकती यांचे दाते जवळजवळ सारखे असावेत, म्हणजे चढाची चिंता राहत नाही. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, चांगले कुलूप, मडगार्ड आणि काटा असलेला उभा पंप यांसाठी सात-आठ हजार ठेवावेत. काट्याचा पंप चैनीचा वाटेल, पण अंगठ्याने दाबून पाहिलेली हवा हमखास फसवते. आपल्या वजनाला अशा टायरमध्ये ५० ते ६० पाउंड हवा लागेल आणि ती आठवड्यातून एकदा पाहावी लागेल. उरलेले पैसे बँकेत राहू द्यावेत. दोन वर्षांनी आपण घाट चढू लागलात आणि सायकल मागे पडते आहे असे खरोखर वाटू लागले, तर ८५ हजारांची सायकल तेव्हाही दुकानात असेल, आणि तोवर कोणती घ्यायची हे आपल्याला दुकानदारापेक्षा चांगले कळत असेल.

खरेदी केल्यावर मोफत सर्व्हिसिंगचे कुपन लगेच वापरू नये. पहिल्या दीड-दोनशे किलोमीटरमध्ये नव्या चाकांचे स्पोक आपापल्या जागी बसताना थोडे सैल होतात आणि गिअरच्या वायरी ताणतात. ते झाल्यावर सायकल दुकानात न्यावी आणि दोन्ही चाकांचे आउट आपल्या समोर काढून घ्यावेत.